एका लिटर तेलाचा हिशेब

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. आलेला बांधव उपाशी राहू नये म्हणून ठिकठिकाणी भोजनदानाचे स्टॉल लागतात. पुरीभाजीच्या, आलूबोंड्याच्या कढया दिवसभर चुलीवरून उतरत नाहीत. हे दान मोठेच आहे. पण स्टॉल आवरताना कढईत उरलेल्या काळ्या तेलाचे काय करायचे, याचा विचार त्या घाईत सुटतो. जवळ नाली असते. घरी मोरी असते.

तेल शेंगदाण्याचे, सोयाबीनचे. ते पाण्यात जिरून जाईल, अशी आपली समजूत असते. ती अर्धी खरी आहे. तेलावरच जगणारे सूक्ष्मजीव माती-पाण्यात असतात. सुडोमोनास, बॅसिलस ही त्यांतली काही नावे. ते लायपेज नावाचे विकर सोडतात. हे विकर तेलाचे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले असे तुकडे करते. हे तुकडे जंतू खातात आणि प्राणवायूच्या मदतीने त्यांचा कार्बन डायऑक्साइड व पाणी करून टाकतात.

अडचण प्राणवायूची आहे. थोडा जमाखर्च मांडू. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम. ते पूर्ण कुजवायला अडीच किलोहून अधिक प्राणवायू लागतो. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एका लिटर तेलापायी तीन लाख लिटरांहून अधिक पाण्याचा श्वास संपतो! शिवाय तेलाचा तवंग वरून नवी हवाही आत जाऊ देत नाही. मग मासोळी मरते, पाणी सडते. आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान नदीवाटे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. आपली घाण काठावरच्या गावांच्या वाट्याला येते.

आणखी एक किंमत आहे. गार झालेले तेल-तूप गटारात थिजते, कचरा धरून दगडासारखे होते. लंडनच्या व्हाईटचॅपल भागात २०१७ साली असा १३० टनांचा गोळा सापडला. आपल्याकडे गटार तुंबले की आत कोण उतरतो? तो कोणत्या समाजाचा असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख केली. तरी माणसे मरतातच. मोरीत तेल ओतणारा हात त्या गटाराशी जोडलेला आहे. प्रतीत्यसमुत्पाद याहून वेगळा काय शिकवतो?

उपाय अवघड नाही. जंतूंना काम द्यावे, पण योग्य जागी. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हौदात हवा फुंकतात, ती याच जंतूंना प्राणवायू मिळावा म्हणून. तिथवर तेल कमीत कमी जाऊ द्यावे. बाजारात मिळणारी जंतूंची पावडर नालीत टाकून सुटका होईलच असे नाही. अर्धवट सुटलेली चरबी पुढच्या वळणावर पुन्हा थिजते.

म्हणून घरी कढई-ताटे आधी रद्दी कागदाने पुसून मग धुवावीत. हे काम घरातील पुरुषांनीही करावे. तो कागद सुक्या पाल्यासोबत खतखड्ड्यात टाकावा. थोडे तेल मातीतले जंतू सहज पचवतात. मोठ्या स्टॉलवर आणि वसतिगृहात सांडपाणी नालीत सोडण्याआधी तेल अडवणारी टाकी हवी. पाणी संथ झाले की तेल वर तरंगते, ते काढून घेता येते. उरलेले तेल गार करून डब्यात भरावे. वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल करण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून सुरू केली आहे.

भिक्खूंच्या विनयात पाण्यात थुंकू नये, घाण करू नये असा नियम आहे. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्यावरचा आपला हक्क बजावला. हक्कासोबत पाणी राखण्याची जबाबदारीही आली. यंदा भोजनदानाच्या सामानाच्या यादीत एक रिकामा पिंप लिहून ठेवूया.