अंगणातील मांडव

मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, न्हावा आणि शेवा ही दोन गावे आहेत. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर येथील लोकांचा चरितार्थ चालत असे. पुढे नवी मुंबई व नवे बंदर यांसाठी या भागातील शेतजमिनी सरकारने घेतल्या. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांनी मोठा लढा दिला. त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेते गेली, अनेक घरांपाशी उरले ते केवळ अंगण.

एवढ्याशा जागेत भोपळा, दुधी, कोहळा, पडवळ अशी मोठी फळे कशी घ्यावीत? वेल जमिनीवर पसरू दिला, तर तो एकटाच सारे अंगण व्यापून टाकील. परंतु नीट विचार केला, तर असे दिसते की, वेलाला माती हवी असते ती मुळांपुरती. पानांना हवा असतो तो सूर्यप्रकाश. वृक्ष आपली पाने उंच नेण्यासाठी जाड खोड वाढवितो. वेल तो खर्च टाळतो. त्याचे नाजूक तणावे काठीला स्पर्श होताच तिला विळखा घालतात आणि वेल वर चढतो. म्हणून अंगणात चार मेढी रोवून, वर बांबू व काटक्या आडव्या बांधून मांडव घालतात. १० फूट लांब व १० फूट रुंद मांडवावर १०० चौरस फुटांची जागा मिळते. आणि खालच्या सावलीत अळू, हळद, आले लावता येते.

मांडवाच्या कडेला हातभर रुंद व तितकाच खोल खड्डा खणून त्यात माती आणि कुजलेले शेणखत भरावे. समुद्राजवळच्या जमिनीत खारेपणा असतो. पावसाचे पाणी तो खार धुऊन नेते. म्हणून चांगल्या दोनचार सरी पडून गेल्यावर बी पेरावे. मुळाशी पाणी साचल्यास वेल कुजतो. यासाठी पावसाळ्यात मातीची भर घालून तेथे उंचवटा करावा.

वेल मांडवावर पोहोचला की त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात. दुधीची मादीफुले या फांद्यांवरच अधिक येतात.

या वेलांवर नरफुले व मादीफुले निरनिराळी असतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. नरफुलाचा देठ साधा असतो. नरफुलातील पराग मादीफुलावर पोहोचला, तरच ते फळ वाढते. हे काम मधमाश्या व पतंग करतात. मुसळधार पावसात मात्र कीटक बाहेर पडत नाहीत. अशा वेळी नरफूल खुडून मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तेव्हा हे काम सकाळी करावे. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते, म्हणून त्याचे सायंकाळी.

कोवळ्या फळाकडे बोट दाखविले तर ते कुजते, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. फळ कुजते हे खरे. परंतु दोष बोटाचा नसतो. पराग न मिळालेले फळ पिवळे पडून गळते. कधी फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि अळ्या आतला गर खातात. फळ बोटभर झाले की त्यावर कागदी पिशवी बांधावी. किडलेली फळे वेचून खोल पुरावीत, म्हणजे माश्यांची पुढची पिढी वाढत नाही.

मांडवावरून लोंबणाऱ्या भोपळ्याचे वजन अनेक किलो होते. त्याला झोळीचा आधार द्यावा. कोळीवाड्यात यासाठी जुन्या जाळ्याचा तुकडा उत्तम! पडवळाच्या टोकाला लहान दगड बांधतात, म्हणजे ते वेडेवाकडे न होता सरळ वाढते.

शेवटी निवड करावी लागते. भाजीची फळे कोवळी असतानाच काढली, तर वेल पुन्हा पुन्हा फळतो. पण एखादे फळ वेलावरच पिकू दिले, तर वेलाची शक्ती त्यातील बियांत जाते आणि नवी फळे कमी येतात. तरीही जाणता माणूस सर्वांत चांगले फळ बियाण्यासाठी राखतो. पुढच्या वर्षीचा मांडव त्यातच असतो.

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातील. शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून तो आपल्या देशात आला. आज न्हावा-शेवा येथे देशोदेशींची प्रचंड जहाजे नांगर टाकतात. त्यांच्या समोरील गावांत ज्याच्यापाशी चार मेढींपुरती जागा आहे, त्याला हा जुना पाहुणा अजूनही भाजी देतो. जमीन थोडी असली, तरी तिच्यावरचे आकाश मोकळे असते. ते वापरण्याची कला आपण वेलाकडून शिकावी.