उघडलेल्या पॅराशूटची भीती
पॅराशूट म्हटलं की पुणेकरांना शीतल महाजन आठवतात; 2004 मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली. ‘पॅराशूट उघडलंच नाही तर?’ असं सगळे विचारतात. डॉक्टर म्हणून मला धास्ती वाटते ती व्यवस्थित उघडलेल्या, पण नवख्याने ऐटीत निवडलेल्या लहान पॅराशूटची.

साधा हिशेब आहे. साहित्यासह वजन पौंडांत जितकं, निदान तितके चौरस फूट कापड नवख्याला हवं. म्हणजे 80 किलोला सुमारे 180. त्याने 120 चौरस फुटांचं घेतलं तर भार दीडपट होतो. वेग वाढतो जेमतेम 22 टक्के. पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीही दीडपट! शिवाय लहान पॅराशूट जराशा ओढीने गर्रकन वळतं आणि वळताना झपाट्याने खाली येतं. जमिनीजवळ घाबरून घेतलेलं असं एक वळण पाय, कंबर, मणका मोडायला पुरतं. मांडीचं हाड मोडलं तर लिटरभर रक्त आतल्या आत वाहू शकतं. बाहेर थेंबही दिसत नाही.

कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांचंही तेच. त्या पंखांच्या ए ते डी श्रेणी असतात, ए नवख्यांसाठी. मित्राचा जुना सी स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आधी प्रशिक्षकाला विचारा.