मक्याचा अवरोधक लेप

कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सेल्युलोज तंतूंचा थर. तंतूंमधल्या फटींतून तेल झिरपते आणि तंतू स्वतः पाणी शोषतात. गरम भज्यांचा पुडा घरी पोहोचेपर्यंत तळाशी पारदर्शक होतो, तो यामुळेच. यावर उपाय म्हणून कागदाला पॉलिथिनचे अस्तर देतात. परंतु असा कागद पुन्हा लगदा करताना अडचणीचा ठरतो. या अस्तराला पर्याय ठरू शकणारे वनस्पतिजन्य लेप शेतमालाच्या प्रक्रियेतून उरणाऱ्या द्रव्यांपासून करता येतात.

या लेपद्रव्यांचे तीन वर्ग आहेत: कर्बोदके, प्रथिने आणि मेण. स्टार्चसारखी कर्बोदके तेलाला उत्तम अडवतात, पण पाण्याने फुगतात. तांदळाच्या कोंड्याच्या तेलातून निघणारे मेण पाणी अडवते, मात्र घडी घालताच त्याला चिरा जाऊ शकतात. प्रथिनांचे गुण निरनिराळे. त्यांत मक्याचे झेइन विशेष मोलाचे.

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या वाचकांना मका परका नाही. स्टार्चच्या कारखान्यात मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. मग अंकुर, साल, स्टार्च आणि ग्लुटेन वेगळे करतात. सुमारे ६० टक्के प्रथिने असलेले हे पिवळे ग्लुटेन बहुतांशी पशुखाद्यात जाते. झेइन त्यातच असते. १८२१ मध्ये बोस्टनच्या जॉन गोरॅम यांनी ते प्रथम वेगळे केले. निव्वळ पाण्यात ते विरघळत नाही. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. हे द्रावण कागदावर पसरून वाळवले की चकचकीत, किंचित पिवळसर पापुद्रा धरतो. तो ठिसूळ असतो, म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. औषधी गोळ्या आणि सुकामेवा यांवर हा लेप पूर्वीपासून वापरात आहे.

मळणीनंतर उरणारी, चुलीत जाणारी दाणे काढलेली कणसेही निरुपयोगी नाहीत. त्यांतील झायलान हे कर्बोदक तेल आणि प्राणवायू अडवते. खाली कर्बोदक, वर झेइन अशी द्विस्तरीय रचना मला सर्वांत सयुक्तिक वाटते, कारण एकाची उणीव दुसरे भरून काढते. अडचण खर्चाची आहे: अल्कोहोल परत मिळवण्याची सोय नसेल, तर झेइन महाग पडते.

असा कागद गावोगावी पोहोचेपर्यंत एक गोष्ट आपल्या हाती आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमावलीने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. भजी घेताना कोरा कागद आवर्जून मागावा.