मुलासाठी ऑनलाइन समुपदेशन घेताना
वेळ ठरवण्याआधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीबद्दल जरूर विचारा. त्यात संकोच कसला? पहिल्या भेटीत बहुधा पालकांशीच बोलणं होतं: मुलाची झोप, शाळा, घरातले ताण. पुढे मूल एकटं बोलत असेल तेव्हा दाराआड उभं राहून ऐकू नका. कोणी ऐकत नाही, ही खात्री पटल्याशिवाय ते मोकळं होत नाही. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड जातं, म्हणून हेडफोन द्या आणि घरच्यांनी तेवढा वेळ बाहेर फेरी मारावी. लहान मुलं पडद्यासमोर फार टिकत नाहीत. कागद-रंग जवळ असू द्या. फी परवडत नसेल, तर केंद्र सरकारची २०२२मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलू लागलं, तर मात्र पुढच्या सत्राची वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता थेट रुग्णालय गाठा.