शेपटीवालं बिऱ्हाड (लेखांक ६) : टीपॉय काढा, कुत्र्याला जागा द्या

मागच्या आठवड्यात आपण फिरवण्याच्या वेळा आणि अंतर पाहिलं. फिरून आलेला कुत्रा पाणी पितो, घरभर एक चक्कर मारतो आणि आडवा होतो. प्रौढ कुत्रा दिवसाचे साधारण बारा ते चौदा तास झोपून किंवा पेंगत काढतो, मोठ्या जातीचे कुत्रे बऱ्याचदा त्याहूनही जास्त. म्हणजे त्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य ज्या जागेवर जातं, ती जागा बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी ठरते. सेटी, टीव्ही युनिट, शोकेस, चपलांचा स्टँड, पाहुण्यांच्या खुर्च्या हे सगळं लागल्यावर जे उरेल ते त्याचं. आणि उरते बहुधा बाल्कनी.

‘एवढ्याशा घरात एवढा मोठा कुत्रा?’ हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकला नाही असा कुत्रेवाला सापडायचा नाही. जरा हिशेब करू. घर चारशे चौरस फुटांचं, वन बीएचके. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर खांद्याशी बावीस-चोवीस इंच उंच, वजन पंचवीस ते छत्तीस किलो. कुशीवर पाय ताणून झोपला की त्याला साधारण साडेतीन फूट बाय अडीच फूट जागा लागते, म्हणजे नऊ चौरस फुटांच्या आत. हॉलमधला टीपॉय आणि त्यावर नडगी आपटू नये म्हणून भोवती सोडलेली जागा याहून जास्त भरते. बरं, टीपॉयवर असतं काय? रिमोट, परवाचं वर्तमानपत्र आणि कुणीतरी प्रवासातून आणलेला शोभेचा उंट. माझ्या मते लहान घरात मोठा कुत्रा असेल तर पहिला निरोप टीपॉयला द्यावा.

माप घेताना एक काळजी घ्या. कुत्रा अंगाचं वेटोळं करून झोपलेला असताना टेप लावू नका. थंडीत तो तसा झोपतो आणि आपल्याकडे थंडी किती दिवस असते ते आपण जाणतोच. तो गाढ झोपेत कुशीवर पसरला की नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या, पाठीपासून ताणलेल्या पंजांपर्यंत रुंदी घ्या आणि दोन्हींत पाच-सहा इंच मिळवा. दुकानातल्या ‘एक्स्ट्रा लार्ज’ या शब्दावर विसंबू नये, प्रत्येक कंपनीचा एक्स्ट्रा लार्ज वेगळा असतो.

आता जागा कुठली? इथे घाई नको. गादी घेण्याआधी आठवडाभर नुसतं बघा. सकाळी तो कुठे पडतो, दुपारी कुठे सरकतो, रात्री कुठे असतो. मे महिन्यात दुपारी मोठा कुत्रा हमखास मोरीच्या उंबऱ्याशी किंवा स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडलेला दिसेल, पोट फरशीला चिकटवून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून. घरातल्यांना वाटतं, मुद्दाम वाटेत पडतो. तो फक्त घरातली सगळ्यात गार फरशी शोधत असतो.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही जेमतेम. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः धापणं आहे, आणि दुसरा मार्ग म्हणजे पोट गार जमिनीला टेकवणं, कारण पोटावर केस विरळ असतात. त्यात लॅब्रॅडॉरची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात काम करत. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये या जातीला आजचं रूप आलं. अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट आणि मऊ, थंडी आत येऊ न देणारा. तो कोट घालून बिचारा आता कांदिवलीत राहतो. (हस्की आणि सेंट बर्नार्डबद्दल विचाराल तर माझं उत्तर एका वाक्यात आहे : मुंबईत आणू नका.)

म्हणून आपल्या हवेत एक जागा पुरत नाही, दोन लागतात. एक मऊ, रात्रीची. दुसरी गार, दुपारची. दुसरीला खर्च जवळजवळ नाही. पंख्याखालचा फरशीचा एक तुकडा कायम मोकळा ठेवला तरी काम भागतं. एक छान युक्तीही आहे. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी कडाप्पा कापून देणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडून असतात. तीन फूट बाय दोन फुटांचा, पॉलिश न केलेला, कडा घासून घेतलेला तुकडा कोपऱ्यात सपाट बसवून द्या. जाड दगड दुपारीही गार राहतो आणि गुळगुळीत नसल्यानं पाय घसरत नाहीत.

घसरणं ही किरकोळ बाब नाही. वय झालेला जर्मन शेफर्ड व्हिट्रिफाइड टाइलवरून उठताना एकदा नीट बघा. पुढचे पंजे रोवतो, मान खाली घालून जोर लावतो, मागचे पाय दोन बाजूंना सरकतात, तो परत बसतो. दुसऱ्या प्रयत्नात भिंतीला अंग टेकवून उठतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार बराच आढळतो. पशुवैद्य त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. अशा कुत्र्याला चकचकीत फरशी म्हणजे रोजची शिक्षा. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून मुख्य दारापर्यंत रबराच्या पाठीचं लांब पायपुसणं किंवा जुनी योगा मॅट टाका. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केसही कापून घ्या, अर्धं घसरणं त्यांच्यामुळेच असतं.

आता मऊ जागेकडे वळू. ‘तो तर जमिनीवरच झोपतो, गादी कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या कुत्र्याचं कोपर हातात घेऊन पाहावं. कडक फरशीवर वर्षानुवर्षं झोपणाऱ्या जड कुत्र्याच्या कोपरावर रुपयाएवढा घट्टा पडलेला असतो : केस गेलेले, कातडी राखाडी, जाड, सुरकुतलेली. नुसता घट्टा असेल तर त्रास नाही. पण तो चिरला तर जंतुसंसर्ग होतो, आणि कधी कधी कोपरावर पाणी साठून मऊ गाठ येते. ती घरी दाबू नये, टोचू तर अजिबात नये. पशुवैद्याला दाखवायची आणि कुत्र्याला मऊ अंथरूण द्यायचं.

अंथरुणात भरायचं काय, यावर लोक दुकानात फसतात. फुगीर, गुबगुबीत दिसणाऱ्या गादीत बहुधा फायबरचा कापूस असतो. तीस किलोचा कुत्रा महिनाभर त्यावर झोपला की मधोमध खड्डा पडतो आणि कोपर पुन्हा फरशीला टेकतं. परीक्षा सोपी आहे : मूठ वळून गादीवर अंगाचा भार टाका. बोटांच्या पेरांना खालची जमीन लागली तर ती गादी छोट्या कुत्र्यांसाठी ठेवून द्या. फोमच्या दुकानात मापानं कापून मिळणारा चाळीस डेन्सिटीचा चार इंची फोम चांगला. रीबॉन्डेड फोम, म्हणजे तुकडे दाबून केलेला, जड कुत्र्यांना आणखी टिकाऊ. मेमरी फोमचं कौतुक फार ऐकाल. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला तो खरंच आराम देतो, पण उष्णता धरून ठेवतो. एसी नसलेल्या खोलीत कुत्रा दहा मिनिटांत उठून फरशीवर जाईल. साधी कापसाची गादी पिंजून घेता येते हे खरं, पण एकदा ओली झाली की आतला वास जात नाही.

फोमवर आतून रेक्झिनचं अस्तर, त्यावर जाड कॅनव्हासची चेन लावलेली खोळ. खोळी दोन शिवा. सगळ्यात वर एक जुनी गोधडी टाका, तिला आपल्या घराचा वास असतो आणि ती धुवायला सोपी. रेक्झिन मात्र वर नको, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं.

कोकणपट्टीत राहणाऱ्यांसाठी मला याहून आवडणारा पर्याय आहे तो बुटक्या बाजेचा. लोखंडी चौकट, नायलॉनची नवार, जमिनीपासून सहा-आठ इंच उंच. खालून वारा खेळतो, पावसाळ्यात ओल धरत नाही, खालचा केर काढता येतो. बाजारातली घडीची खाट उंच असते. तिचे पाय कापून, टोकांना रबरी बूच लावून घ्या. नवार कायम ताठ हवी, सैल झाली की झोळी होते आणि म्हाताऱ्या कुत्र्याला त्यातून उठवत नाही.

पावसाळ्यात अंथरुणाचा खरा शत्रू ओल नाही, गोचीड आहे. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड घरातच पिढ्यान् पिढ्या काढू शकते. मादी रक्त पिऊन टम्म झाली की अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, स्कर्टिंगमागे, गादीच्या शिवणीत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावलं तरी ती भेग तशीच राहिली तर काही दिवसांनी गोचीड परत हजर. एर्लिकिया, बबेसिया हे जिवावर बेतणारे आजार तिच्याचमुळे होतात. म्हणून अंथरूण भिंतीला चिकटवून ठेवू नका, वीतभर पुढे घ्या, दर आठवड्याला उचलून मागची फट बघा, खोळ कडक गरम पाण्यात धुवा आणि ऊन पडेल त्या दिवशी गादीला ऊन दाखवा. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटनं बुजवून घेतल्या तर उत्तमच.

जागेबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहिली, वाट. घरात गुडघेदुखीची आजी असेल तर रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंतचा रस्ता कुत्र्यानं अडवता कामा नये, काळा लॅब्रॅडॉर अंधारात अजिबात दिसत नाही. झिरोचा बल्ब लावा. दुसरी, सोबत. आतल्या खोलीत एकट्यासाठी राजेशाही गादी घातली तरी तो हॉलमध्ये तुमच्या पायाशीच येणार. पाठीमागे भिंत किंवा सेटीची बाजू आणि समोर घरातली माणसं दिसतील असा हॉलचा कोपरा त्याला पटतो. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी मात्र हाच कुत्रा पलंगाखाली किंवा कपाटाच्या फटीत घुसेल, तेव्हा ओढून बाहेर काढू नका. त्या चार दिवसांसाठी डायनिंग टेबलावर जाड चादर सोडून आत त्याची गोधडी टाकली की झालं.

जागा ठरली की घरात एक नियम करा : तो आपल्या अंथरुणावर असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. झोपेत त्याचे पाय हलतात, तो कुईं कुईं करतो, मुलांना मौज वाटून ती त्याला उठवायला जातात. दचकून उठलेला शहाणा कुत्राही चावू शकतो.

आणि बाल्कनी? दिवसा तासभर वारा खायला, खाली बघत बसायला जरूर. राहायला नाही. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीनला अनवाणी उभं राहून पाहा म्हणजे कळेल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीनं प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं हासुद्धा. घर स्वतःचं असलं तरी हा कायदा लागू होतो.

पुढच्या आठवड्यात सोसायटी, लिफ्ट आणि जिन्याविषयी. तोवर एवढं करा : आज रात्री तो गाढ झोपला की टेप काढून माप घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. रविवारी फोमवाल्याकडे जाताना लागेल.