शेवंतीचं ताट
आमच्या शेवंती मांजरीला आतड्यांची जुनाट सूज आहे. उलट्या, पातळ शी, हाताला कणा लागेल इतकं उतरलेलं वजन. "कच्चं मांस सुरू कर, मांजर मूळची शिकारीच," असं अनेकांनी सुचवलं. मांजर पूर्ण मांसाहारी, हे खरंच. दूध-पोळी तिचं अन्न नाही. पण उंदीर खाताना ती हाडं आणि काळीजही खाते. निव्वळ मांसाच्या तुकड्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. टॉरिन हे अमिनो आम्ल कमी पडलं तर मांजराचं हृदय दुबळं होतं, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधनातून कळलं.

मला खरी धास्ती जंतूंची. शेवंतीला सुजेसाठी प्रेडनिसोलोन चालू आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती दबलेली. फ्रीझरमध्ये साल्मोनेला खात्रीनं मरत नाही, बर्ड फ्लूचा विषाणूही नाही. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या त्याच विषाणूनं दगावले, तेव्हा संशय खायला दिलेल्या कोंबडीवरही गेला. ती बातमी वाचून माझा निर्णय झाला.

डॉक्टरांनी बेतून दिल्याप्रमाणे मी मटण शिजवते. ते तिनं पूर्वी कधी खाल्लं नव्हतं. आतड्यांना अनोळखी प्रथिनाचा त्रास कमी होण्याची शक्यता असते. शिजवतानाचं पाणी फेकत नाही, टॉरिन त्यात उतरतं. कॅल्शियम, टॉरिनची पूड वजन करूनच. सुरुवातीला जुन्या खाण्यात चमचाभर, मग हळूहळू जास्त. उपाशी ठेवून नवी चव लावायची नाही, एवढं मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावं: काही दिवस जेवली नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं.

शी आता घट्ट होते. आतडी नीट शोषत नाहीत म्हणून बी-12 ची इंजेक्शनं मात्र अजून चालू आहेत.