मोजक्या वाहिन्या, शेकडो टॉवर

जीएसएम या मोबाइल प्रणालीच्या मूळ ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात २०० किलोहर्ट्झच्या १२४ वाहिन्या बसतात, त्याही सगळ्या कंपन्यांत वाटून घ्यायच्या. भारतात सुरुवातीला एका कंपनीच्या वाट्याला ४.४ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम २२ वाहिन्या आल्या. शहरात टॉवर मात्र शेकडो. मग तीच वाहिनी दूरच्या टॉवरवर पुन्हा वापरायची. ही कल्पना बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी १९४७ मध्येच मांडली होती.

अडचण जवळच्या टॉवरांची. दोघांना एकच वाहिनी दिली तर आवाज फाटतो, कॉल तुटतो. एकाच टॉवरवर ५० आणि ५१ अशा लागोपाठच्या वाहिन्याही चालत नाहीत. एकीची गळती दुसरीत होते.

गणिती हे कोडे नकाशा रंगवण्यासारखे मांडतात: एकमेकांना त्रास देणाऱ्या अँटेनांना वेगळे रंग, म्हणजे वेगळ्या वाहिन्या. सपाट नकाशाला चार रंग पुरतात, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. इथे तशी हमी नाही, कारण डोंगर, खाडी, उंच इमारती यांमुळे लहरी शेजार सोडून भलतीकडेच पोहोचतात. म्हणूनच संगणकाने आखलेला आराखडा गाडीतून फिरून, प्रत्यक्ष सिग्नल मोजून तपासावा लागतो, आणि ते काम मला सर्वांत मोलाचे वाटते. थ्रीजीपासून मात्र शेजारचे टॉवर एकच वाहिनी वापरू लागले. थ्रीजीत संकेतांची सरमिसळ सांकेतिक क्रमांनी निस्तरली जाते.